चौथ्या बाजूला उष्टं नको

कवडू, बिनमिशीचा राजा तू कधी पाहिला नव्हतास. यंदा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत साऱ्या गावाने पाहिला. तुझ्या दहाव्याला नदीवर तुझ्या पोरांच्या शेजारी मीही न्हाव्यापुढे बसलो. कोणीतरी म्हणालं, "श्रावण, तू काई त्याचा भाऊबंद नोहस, तुले काऊन?" मी न्हाव्याला म्हणालो, चालव वस्तरा. मिशी गेली. मंडईपर्यंत ती उगवेल अशी माझी समजूत होती, पण या वयात मिशीसुद्धा आळशी होते. शेवटी काजळाने काढली आणि दुपारच्या उन्हात ती घामाबरोबर गालावर उतरली. पोरं फिदीफिदी हसली. तू असतास तर सगळ्यांत मोठ्याने हसला असतास, आणि वर मलाच दटावलं असतंस.

तू गेलास त्याला अजून महिनाही झाला नाही. दसऱ्यानंतर ताप आला, धान निसवलं होतं, तू म्हणालास बांधीतलं पाणी पाहून येतो, आणि आलास तो खाटेवर पडलास. लोक माझ्याकडे येऊन तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. मला ते ऐकवत नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं आहे आणि तू असा मधूनच उठून जाणारा माणूस नव्हतास.

आपली दंडार म्हणजे काय होतं रे? वर्षभर चिखलात राबणारे आपण सात-आठ जण. दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया सुरू झाल्या, की मारुतीपुढच्या चौकात भर दुपारी नाचगाण्याचा खेळ करायला उभे राहायचो. मी राजा, तू राणी, आणि इस्तारीकाकाची ढोलकी. काका आपला म्होरक्या, शब्दही त्याचेच. ना मंच, ना पडदा. मधे आपण आणि चारी बाजूंनी माणसं. पूर्वेला म्हातारे, दक्षिणेला ओट्यावर बाया, पश्चिमेला बैलगाड्यांवर चढलेले परगावचे लोक आणि पोरं. उत्तरेला, अगदी कडेला, जे कुठेच बसू शकत नव्हते ते उभे असायचे. गुराखी, मोहफुलं आणि डिंक विकायला आलेले जंगलाकडचे लोक, उशिरा आलेले, लाजणारे. प्रत्येक कडवं चारी बाजूंना म्हणायचं हा आपला रिवाज. एकीकडे म्हटलं, वळलं, पुन्हा तेच.

आणि आपलं पहिलं भांडण तिथेच सुरू झालं. तीन बाजू होईपर्यंत माझा घसा बसायचा. चौथीकडे मी ओठ हलवायचो आणि ढोलकीवर भागवून न्यायचो. तू घाम पुसत पुसत लुगड्याच्या पदराआडून माझ्यावर खेकसायचास, "चवथ्या बाजूले उष्टं नोको देऊ बे! तिनदा त्यायनं आपली पाठ पायली."

मी म्हणायचो, "एवढा पुळका आहे तर त्यायच्यापासून सुरू कर ना."

"मंग म्हातारे चवथे होतीन. कोनी ना कोनी चवथा रायतेच, श्रावन. थो कोन हाये, हे पायत जा."

यावर मी तुला बायकी म्हणून चिडवायचो. तू चिडायचा नाहीस. कंबरेला हिसका देऊन चालू लागायचास आणि ओट्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या चालीवर तू रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावर मेहनत घेतली होतीस हे मला एकट्याला माहीत होतं. डोक्यावर रोपांची जुडी, कंबर सरळ, आणि मी मागून सांगायचो की पाय अजून गड्याचे पडतात. एकदा तू त्या नादात धुऱ्यावरून थेट चिखलात गेलास. राणी चिखलात बसली होती आणि राजा हसून हसून लोळत होता. ते दिवस मला मिळाले, यासाठी कोणाचे उपकार मानावेत कळत नाही. तुझेच मानतो.

तुझ्या मिशीवरून तर घरात महाभारत झालं होतं. बाप जिवंत असताना राणीसाठी मिशी उतरवली म्हणून तुझ्या बाबाने अंगणात लाठी आपटली. "मी मेलो का बे? मले जित्तेपनीच पोचवून रायला?" दोन दिवस तुझ्याशी बोलला नाही. मग मंडईत म्हाताऱ्यांमध्ये पुढे येऊन बसला, तू त्याच्यापुढे पदर पसरून लेकराची चौकशी केलीस, तेव्हा त्याचाच आवाज सगळ्यांत आधी आला, रडवेला, "नाई पायला वो माय!"

ते राणीचं कडवं तुझं होतं. तुझ्यामागे राणी झालेला डोमा ते आता म्हणतो, पण ते तुझंच आहे. जंगलात राणीचं तान्हं हरवतं आणि ती चारी बाजूंच्या लोकांना विचारत फिरते.

"सांगा मायबाप, सांगा कोनी, माहा तान्हा पायला का?"

म्हातारे म्हणतात, नाही पाहिला. बाया डोळे पुसत म्हणतात, नाही पाहिला. गाड्यांवरची पोरं ओरडून सांगतात, नाही पाहिला. आणि चौथ्या बाजूला लेकरू सापडतं. खेळ सुरू व्हायच्या आधीच इस्तारीकाका चिंध्यांचं ते गाठोडं गुपचूप कडेच्या कोणाच्या तरी हातात देऊन ठेवायचा. ज्याला कोणी विचारत नाही त्याच्याजवळ राणीचं लेकरू. तो गुराखी असो की मोहफुलं विकणारी बाई असो, त्या दिवशी तो माणूस लाजत लाजत पुढे यायचा आणि म्हणायचा, घे बाई, तुझं लेकरू. पुढे वर्षभर तो ते सांगत फिरायचा.

मग ते सरकारी साहेब आले. राजधानी तेव्हा नागपूरला होती. आपल्या जवळच्या गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी कुठूनशी त्यांची जीप आली, आपली दंडार पाहून ते खूश झाले आणि नागपूरच्या कलामहोत्सवाचं बोलावणं देऊन गेले. वीस मिनिटं, आणि एकच अट, समोर बघून करायचं. लोक समोर असतील, फक्त समोर.

तू विचारलंस, "समोर मंजे कोनासमोर?"

मी तुला वेड्यात काढलं. इस्तारीकाकाने खळ्यावर बांबूचा तट्टा उभा केला आणि म्हणाला की हा समजा पडदा, याच्याकडे कोणी वळायचं नाही. महिनाभर आपण धान मळून झालं की तट्ट्याकडे पाठ करून कडवी म्हणायचो. मी दोन दिवसांत शिकलो. एकाच बाजूला म्हणायचं, घसा शाबूत, मला तर सुटका झाल्यासारखं वाटलं. तू मात्र कडवं संपलं की वळायचास. काका ढोलकी थांबवायचा, तू जीभ चावायचास आणि पुन्हा सुरू करायचास. शेवटी शेवटी जमलं तुला. पण तेव्हा तुझ्या आवाजात काहीतरी कमी झालं होतं आणि ते मला ऐकू येत होतं.

छोट्या गाडीने गोंदिया, तिथून मोठ्या गाडीने नागपूर. तुमच्या लग्नातलं अंजनावैनीचं हिरवं लुगडं तू मांडीवर घेऊन बसला होतास, खाली ठेवायला तयार नव्हतास. गोंदियाच्या फलाटावर चहावाल्याने विचारलं, "कहाँ बारात जा रही है?" तू छाती काढून म्हणालास, "बारात नहीं, रानी जा रही है." सारा डबा हसला. त्या दिवशी तू जितका आनंदात होतास तितका मी तुला पुन्हा पाहिला नाही.

मंडप एवढा मोठा की आपला चौक त्यात कुठेही मावला असता. मंचावर निळा जाड पडदा. पडद्यामागच्या अंधारात आपल्यासारखीच माणसं पाळीची वाट पाहत होती. सालेकश्याकडून, कचारगडाच्या जंगलातून आलेली नाचणारी मंडळी तिथेच भिंतीला टेकून बसली होती. ठरलं असं होतं की लेकराचं गाठोडं काका ढोलकीच्या मागे ठेवेल आणि तू वाकून ते उचलशील. पण मंचावर जाण्याच्या घाईत तू काय केलंस ते तुझं तुलाही कळलं नाही. इतक्या वर्षांची सवय. समोर बसलेल्या हजार माणसांना सोडून जे कडेला होते ते तुला दिसले. काकाच्या हातातलं गाठोडं तू घेतलंस आणि त्या नाचणाऱ्यांतल्या एका बाईच्या ओटीत टाकून मंचावर गेलास.

पहिलं कडवं समोर म्हटलंस. लोक गप्प झाले. नागपूरची शिकलीसवरली माणसं, पण तुझ्या पहिल्या ओळीला गप्प झाली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग तू ढोलकीमागे वाकलास आणि तिथे लेकरू नव्हतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी राजा, मला त्या जागी काही बोलायचं नव्हतं. तुझे डोळे भिरभिरले, आणि मग तुला आठवलं आपण ते कुठे दिलं. तू सरळ वळलास. हजार माणसांकडे पाठ केलीस आणि निळ्या पडद्याला विचारलंस, "सांगा मायबाप, सांगा कोनी..."

आधी एक जण हसला. मग मंडप हसला. बाजूला उभा असलेला बिल्लेवाला स्वयंसेवक दबक्या आवाजात ओरडू लागला, "सामने देखो भाई! सामने!" तू वळला नाहीस. तू दुसऱ्यांदा विचारलंस, आणि तो आवाज खळ्यावर महिनाभर हरवलेला तुझा खरा आवाज होता. मग पडद्याची कड खालून उचलली गेली. काकणं भरलेला एक काळा हात बाहेर आला, हातात गाठोडं, आणि पलीकडून ती बाई म्हणाली, "ले दाई, तोर लइका."

घे बाई, तुझं लेकरू, तेच शब्द तिच्या बोलीत, आणि तिला कोणी शिकवलं नव्हतं. कधीतरी आपल्या भागातल्या मंडईत ती कडेला उभी राहिली असेल. तू गुडघ्यावर बसलास, लेकरू घेतलंस, आणि अंगाई पडद्याकडे तोंड करूनच म्हटलीस. हसण्यात ती समोर कोणालाच ऐकू गेली नाही. माझ्या कडव्याआधीच वेळ संपल्याची घंटा झाली.

मी तुझ्या बाजूला उभा होतो, कवडू. पडद्याच्या फटीतून मला पलीकडचं दिसत होतं. ती बाई, तिच्या मागची मंडळी, झाडूवाला, पेट्या उचलणारे दोन हमाल, सगळे पुढे सरकून ऐकत होते. एकही हसत नव्हता. झाडूवाल्याने तर झाडू खाली ठेवला होता. इतक्या वर्षांत मी तुझी इतकी चांगली अंगाई ऐकली नव्हती.

हे मी तुला परतीच्या गाडीतच सांगितलं. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "मन राखाले बोलून रायला तू."

"आईची शपथ."

"माह्यापाई गावाचं हसं झालं, श्रावन. लोकायकडे पाठ केली मी."

"कोणत्या लोकायकडे?" मी विचारलं. एरवी हा प्रश्न तू मला विचारायचास.

तुझी अडचण मला नंतर कळली. जन्मभर मी तुला चिडवलं, टोचलं, पाय गड्याचे पडतात म्हणालो. एका शब्दाने कधी चांगलं म्हटलं नव्हतं, कारण आपल्यात तसं कोणी बोलत नाही. दोस्ताची तोंडावर तारीफ करणं म्हणजे त्याला परका करणं. म्हणून ज्या दिवशी मी खरोखर तारीफ केली त्या दिवशी तुला ती दयेपोटी केलेली वाटली. याला मी काय करू? मी पुन्हा पुन्हा सांगत गेलो आणि जितकं सांगितलं तितकं ते खोटं होत गेलं.

साहेब भले होते, म्हणाले पुढल्या वर्षी बघू. पुढल्या वर्षी कोणी बोलावलं नाही, आणि मग राजधानीच मुंबईला गेली. त्याचं मला काही नाही. पण गावात आल्या आल्या तू मिशी वाढवलीस. ती ओठावर दिसू लागली तसं साऱ्यांना कळलं की राणी संपली. तुझा बाबा तेवढा खूश झाला, आणि तोही किती खूश होता मला शंका आहे. त्या वर्षी मंडईत तो पुढे बसलाच नाही.

लुगडं डोमाने नेसलं. डोमा गुणी पोरगा आहे, पाय तुझ्यापेक्षा बरे टाकतो. तू मंडईला यायचास, पण पूर्वेला म्हाताऱ्यांत बसायचा नाहीस, गाड्यांवर चढायचा नाहीस. उत्तरेला, गुराख्यांच्या मागे, खांद्यावर दुपट्टा टाकून उभा राहायचास. काकाने पहिल्याच वर्षी तुझ्या हातात लेकरू द्यायला पाहिलं तर तू हात मागे घेऊन बैलांकडे निघून गेलास. मी तीन बाजू करून तुझ्याकडे वळायचो तेव्हा माझा आवाज नेहमीप्रमाणे गेलेला असायचा. तू तिथून फक्त बघायचास. आधी निदान शिवी तरी द्यायचास. डोमाच्या कडव्याला मात्र तुझे ओठ हलायचे, मिशीखालून.

दर दसऱ्याला मी सोनं द्यायला यायचो आणि विचारायचो, "काढतोस का मिशी?" तू म्हणायचास, "पुढच्या सालले पाहू." अंजनावैनी चुलीपाशी बसून हे ऐकायची आणि भांडी जरा जास्तच जोरात ठेवायची. मला वाटायचं साल काय, येतच राहतात.

आणि यंदाची गोष्ट मला नदीवर कळली. न्हावी माझ्या मिशीला वस्तरा लावता लावता म्हणाला, "कवडूभाऊनं पोळ्याच्या सनाले सांगून ठेवलं होतं मले. दिवारीच्या आंधी घरी येऊन जाजो, म्हने." मी त्याचा हात धरला. कशासाठी बोलावलं होतं, विचारलं. तो म्हणाला, "थे मी नाई इचारलं. पोरायचे केस असतीन." असतील. पोरांचे केस नेहमी बाजाराच्या दिवशी कापले जातात, पण असतील. मी वैनीला विचारलं, तिला माहीत नव्हतं. तू पोळ्याला मला भेटलास, बैलांच्या शिंगांना बेगड लावत होतास, डोमाला लुगडं आखूड होतं का एवढंच विचारलंस, आणि मी म्हणालो, होतं थोडं. तू मान हलवलीस. आपण दुसरं बोलू लागलो. दसऱ्याला सोनं घेऊन आलो तेव्हा तू बांधीवर होतास, यंदा मिशीचं विचारायचं राहिलं. आता तेवढंच माझ्याजवळ आहे, आणि त्यातून काही काढता येत नाही. रात्रंदिवस मी तेच उलटंपालटं करतो. तू पुन्हा राणी होऊन येणार होतास की नव्हतास, एवढं सांगून जायला काय झालं होतं तुला?

यंदा दंडार करायची नाही असं मी म्हणालो. इस्तारीकाका आता थकलाय, पण ढोलकी सोडत नाही. तो म्हणाला, "नाई कराची त कवडूले काय सांगशीन?" म्हणून उभे राहिलो.

अंजनावैनी आली होती. बाया बोलल्या, तेरवीला आठवडा नाही झाला आणि ही मंडईत. ओट्यावर तिला कोणी जागा केली नाही, आणि दुखवट्यातल्या बाईने तिथे बसूही नये म्हणे. ती सरळ उत्तरेकडे गेली आणि गुराख्यांच्या मागे, तू उभा राहायचास तिथे, पदर घट्ट लपेटून उभी राहिली. तेव्हा मला तुझं ते बोलणं आठवलं, कोणी ना कोणी चौथा राहतोच. काकाने कोणालाही न विचारता लेकरू तिच्या हातात दिलं.

डोमा तीन बाजूंना विचारून आला. पोरगा दमला होता, ऊनही होतं. चौथीकडे वळून त्याने कडवं कसंबसं उरकलं आणि हात पुढे केले. वैनीने लेकरू दिलं नाही. छातीशी धरून उभी राहिली. डोमा गांगरला. ढोलकी थांबली. मला वाटलं, बाईला भरून आलं. पण तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, रागच होता.

"उष्टं देऊन रायला काय बे?" ती म्हणाली. चौकभर ऐकू गेलं. "पुरा आवाज लाव. मंग देतो."

ओट्यावरच्या बाया चपापल्या. ती ओट्यावर दुसऱ्या बाजूला बसायची, इतकी वर्षं. तू माझ्यावर खेकसायचास ते तिने तिथून कधी ऐकलं, की तू घरीही हेच बोलायचास, मला माहीत नाही. डोमाने पदर सारखा केला, श्वास घेतला आणि पुन्हा विचारलं, पहिल्यापासून, पूर्ण गळ्याने. तिने लेकरू दिलं. म्हणाली, "घे बाई, तुहं लेकरू." मग मात्र तिचा आवाज फुटला.

पुढचं कडवं माझं. राजाला राणी आणि लेकरू सापडतं ते. मी पूर्वेला म्हटलं, दक्षिणेला म्हटलं, पश्चिमेला म्हटलं. घसा नेहमीच्या जागी बसला. मिशी गालावर उतरली होती, पोरं हसतच होती. मी उत्तरेकडे वळलो. तिथे वैनी रिकाम्या हातांनी उभी होती आणि तिच्या शेजारी तुझ्या उभं राहण्याएवढी जागा गुराख्यांनी आपोआप मोकळी सोडली होती. मी डोळे मिटून पूर्ण ताकदीने म्हटलं. आवाज चिरकला, दोनदा तुटला, सूर तर पार गेला. पण मी ओठ हलवून भागवलं नाही, कवडू. शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं.

खेळ संपल्यावर वैनी घराकडे निघाली. माझ्याजवळून जाताना थांबली आणि म्हणाली, "भाऊजी, आज तुमचा आवाज चवथ्या बाजूले आयकू आला."

हे ऐकायला तू हवा होतास. म्हणाला असतास, बेसूर होता.